सही जुळत नाही

सही ही काय चीज आहे हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बँकेत पेन्शनच्या काउंटरवर येऊन उभं राहावं. एके काळी शाळा, कचेऱ्या आणि तालुकेच्या तालुके चालवलेली माणसं इथे सहीपाशी येऊन अडतात. हात थरथरतो, नावातला एखादा काना पळून जातो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. आणि काचेच्या आत बसलेला माझ्यासारखा बी.कॉम. झालेला इसम स्क्रीनवरच्या नमुना सहीकडे बघत म्हणतो, "आजोबा, सही जुळत नाही." एका आजोबांनी यावर मला विचारलं होतं, "सही नाही जुळत, पण माणूस तोच आहे ना?"

आता हा प्रश्न दिसायला बँकेचा असला तरी आहे तत्त्वज्ञानाचा. आणि जगात याची सर्वांत मोठी केस चालू आहे ती विल्यम शेक्सपियर या खातेदाराची. या गृहस्थाच्या सहा सह्या आज शिल्लक आहेत. १६१२ साली एका दाव्यात दिलेल्या जबानीखाली एक, १६१३ साली लंडनमध्ये घर घेतलं त्या कागदांवर दोन आणि १६१६ च्या मृत्युपत्रावर तीन. सहांचा मेळ एकमेकींशी नाही. स्पेलिंगसुद्धा एकसारखं नाही. आमच्याकडे खातं असतं तर मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी चेकबुक काढून घेतलं असतं. त्या काळी इंग्लंडात स्पेलिंग ही गोष्ट लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असे, हे खरं. पण संशय घ्यायचाच असं एकदा ठरवल्यावर एवढं निमित्त पुष्कळ झालं.

गंमत म्हणजे माणूस गेला १६१६ साली आणि संशयाला नीट सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. मधली सव्वादोनशे वर्षं हे खातं सुरळीत चाललं होतं. मग १८५७ साली डेलिया बेकन नावाच्या अमेरिकन बाईंनी जाडजूड पुस्तक लिहून सांगितलं, की ही नाटकं फ्रान्सिस बेकन आणि त्याच्या बरोबरच्या मंडळींची. (बाईंचं आणि फ्रान्सिसचं आडनाव एक असलं तरी नातं नव्हतं. आपल्याकडे असा योगायोग कोणी सोडून दिला नसता.) १९२० साली थॉमस लूनी नावाच्या एका इंग्रज शाळामास्तराने नवा वारस पुढे केला: एडवर्ड डी व्हिअर, ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल. म्हणजे आपल्या भाषेत खानदानी सरदार. हे मत सिग्मंड फ्रॉईडलाही पटलं होतं. माणसाच्या मनात काय दडलंय हे ज्याला कळायचं त्याला नाटक कोणी लिहिलं हे कळेलच, असं मात्र नाही.

पुस्तकं असतात तोवर ठीक असतं, कारण पुस्तकं वाचतो कोण? पण २०११ साली यावर सिनेमा निघाला. नाव 'अ‍ॅनॉनिमस', म्हणजे निनावी. दिग्दर्शक रोलंड एमेरिक. या गृहस्थांनी १९९६ साली परग्रहावरच्या लोकांकडून व्हाईट हाऊस उडवून घेतलं, १९९८ साली न्यूयॉर्कवर गॉडझिला सोडला, २००४ साली तेच न्यूयॉर्क गोठवलं आणि २००९ साली अख्खं जग बुडवलं. जग बुडवून झाल्यावर हात रिकामे राहिले म्हणून त्यांनी शेक्सपियर बुडवायला घेतला. माझ्या भाच्याने तो सिनेमा लॅपटॉपवर आणून दिला. म्हणाला, "मामा, तुम्ही लेखक लोक. तुम्ही हा पाहायलाच पाहिजे." दिवाळी अंकात वर्षाकाठी दोन लेख छापून येणाऱ्या माणसाला कोणी 'लेखक लोक' म्हटलं, की तो काहीही पाहायला तयार होतो.

कथा थोडक्यात अशी. नाटकं सगळी अर्लसाहेबांनी लिहिलेली. पण सरदाराने नाटकं लिहिणं म्हणजे कुळाला बट्टा, म्हणून त्यांना एक नाव भाड्याने पाहिजे असतं. ते आधी बेन जॉन्सन या नाटककाराला धरतात, पण मध्येच शेक्सपियर नावाचा एक दारुडा, हावरट नट उडी मारून सगळं श्रेय स्वतःच्या खिशात घालतो. त्याला वाचता येतं, पण धड लिहिता येत नाही. पुढे तो अर्लसाहेबांकडून पैसेही उकळतो. इकडे अर्लसाहेबांचं राणी एलिझाबेथशी प्रेमप्रकरण. त्यातून एक मुलगा. तो म्हणजे साऊदॅम्प्टनचा अर्ल. आणि शेवटी शेवटी असा खुलासा होतो, की अर्लसाहेब स्वतःही राणीचेच चिरंजीव! हे घराणं आमच्याकडे वारसा दाखला घेऊन आलं असतं तर 'मयताशी नाते' या रकान्यात काय लिहायचं, यावर हेड ऑफिसचा सल्ला मागवावा लागला असता.

काम सगळ्यांनी उत्तम केलं आहे. राणीच्या तरुणपणाचं काम जोएली रिचर्डसन आणि म्हातारपणाचं काम तिची खरीखुरी आई व्हेनेसा रेडग्रेव्ह करते. जुनं लंडन, चिखल, दिवे, मशाली, सगळं इतकं हुबेहूब, की प्रेक्षकाला वाटतं, ज्यांनी चिखल इतका खरा दाखवला त्यांनी माणसं खोटी कशाला दाखवली असतील? खोट्या व्हाउचरला खरा शिक्का लागला की कॅशियर फसतो, तो असाच.

पण मी पडलो हिशेबातला माणूस. सिनेमा बघताना शेजारी कागद घेऊन बसायची सवय. (सौ.चं म्हणणं, "तुमच्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे ऑडिट पार्टीबरोबर जेवायला बसणं.") नंतर पुस्तकांशी ताडून पाहिलं, तेव्हा कागदावर जी यादी झाली तिच्यातल्या थोड्या नोंदी देतो.

'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' हे नाटक सिनेमात अर्लसाहेब लहानपणी, म्हणजे १५६० च्या सुमाराला लिहून राणीपुढे करून दाखवतात. त्यांचा जन्म १५५० चा. ते नाटक खरं लिहिलं गेलं १५९५-९६ च्या आसपास. दहा वर्षांच्या आमच्या मुलाला स्वतःच्या दप्तराचा पत्ता नसतो. क्रिस्टोफर मार्लो हा नाटककार १५९३ सालच्या मे महिन्यात डेप्टफर्ड इथे डोळ्यावर सुरा लागून मेला. सिनेमात एसेक्सचा अर्ल आयर्लंडच्या स्वारीवर निघतो तेव्हा, म्हणजे १५९९ साली, मार्लोचा खून होतो, तोही गळा चिरून. सहा वर्षं जादा जगला बिचारा, व्याजासकट. एसेक्सच्या बंडाच्या आदल्या दिवशी, ७ फेब्रुवारी १६०१ ला, त्याच्या माणसांनी चाळीस शिलिंग जास्त मोजून जे नाटक करायला लावलं ते होतं 'रिचर्ड दुसरा'. सिनेमात होतं 'रिचर्ड तिसरा'. अर्लसाहेबांची पहिली बायको १५८८ साली वारली, १५९१ साली त्यांनी दुसरं लग्न केलं; सिनेमात एकच बायको शेवटपर्यंत पुरवली आहे. राणीची अंत्ययात्रा गोठलेल्या थेम्स नदीवरून निघते. खरी अंत्ययात्रा १६०३ च्या एप्रिलमध्ये जमिनीवरून वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीला गेली आणि त्या वर्षी थेम्स गोठलीच नव्हती. पण ज्याने न्यूयॉर्क गोठवलं त्याच्यापुढे थेम्स काय चीज!

आता या चुकांवरून मी रागावलो असं कुणी समजू नये. दोन बायकांची एक केली, हा खर्चात काटकसर करण्याचा प्रकार आहे. नदी गोठवली, ती शोभेसाठी. मार्लोला सहा वर्षं जगवलं, तर त्यात मार्लोचं काही नुकसान नाही. सिनेमा म्हणजे इतिहासाचा पेपर नव्हे. १९९८ सालच्या 'शेक्सपियर इन लव्ह'मध्ये तर १५९३ साली एका सरदाराचे व्हर्जिनियात तंबाखूचे मळे आहेत, आणि इंग्रजांची तिथली वसाहत टिकून उभी राहिली १६०७ नंतर. त्या सिनेमाला सात ऑस्कर मिळाली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. कारण तो सिनेमा पहिल्यापासून डोळा मारून सांगतो, की बाबांनो, ही गंमत आहे. आणि मुख्य म्हणजे त्यात शेवटी नाटक शेक्सपियरच लिहितो.

अडचण येते ती एका नोंदीपाशी. अर्लसाहेब वारले २४ जून १६०४ ला. 'मॅकबेथ' आलं १६०६ च्या सुमाराला. 'द टेम्पेस्ट' १६१०-११ चं. त्यावर १६०९ साली बर्म्यूडापाशी फुटलेल्या एका जहाजाच्या हकिकतींची छाया आहे. २९ जून १६१३ ला 'हेन्री आठवा'चा खेळ चालू असताना तोफेच्या ठिणगीने ग्लोब थिएटर जळलं, तेव्हा ते नाटक अगदी नवं होतं. म्हणजे अर्लसाहेब गेल्यानंतर आठ-नऊ वर्षं त्यांच्या खात्यावर नियमित व्यवहार होतोय. आमच्याकडे पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो यासाठीच. सिनेमावाले म्हणतात, त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. असेल. पण पाच वर्षांनंतर कुठलं जहाज कुठे फुटणार हे ज्याला आधी कळत होतं, त्याने नाटकं कशाला लिहिली? त्याने जहाजांचा विमा उतरवण्याचा धंदा काढायचा.

मी ही सगळी केस जेवणाच्या सुट्टीत आमच्या अकाउंटंटसाहेबांपुढे मांडली. साहेब शांत माणूस. डब्यातली भेंडी संपवून म्हणाले, "नाटकं तीच आहेत ना? मग ती याने लिहिली काय आणि त्याने लिहिली काय, आपल्याला काय फरक पडतो?"

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. फार थोर वाटतं. कृती महत्त्वाची, नाव गौण. फुलाचा वास घ्यावा, झाड कोणाचं विचारू नये, वगैरे. मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. दुपारी कामाला बसल्यावर सुचलं. मी साहेबांच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, "साहेब, तुमच्या बचत खात्यातली सगळी रक्कम मी शेजारच्या खात्यात टाकली तर बँकेची एकूण ठेव कमी होईल का?"

"नाही."

"टोटल जुळेल?"

"जुळेल की."

"मग टाकू?"

साहेबांनी चष्मा काढला. साहेब चष्मा काढतात म्हणजे विषय संपला.

माझं म्हणणं एवढंच आहे. जगाच्या दृष्टीने टोटल जुळते. 'हॅम्लेट' शिल्लक आहे, 'लिअर' शिल्लक आहे. पण ठेवीदाराच्या दृष्टीने सगळं गेलेलं असतं. आणि नैतिक प्रश्न नेहमी ठेवीदाराचा असतो, टोटलचा नसतो. नाव खोडलं म्हणजे केवळ अक्षरं जात नाहीत. त्या माणसाने मेणबत्तीच्या उजेडात बसून घालवलेल्या रात्री जातात. ज्याने त्या घालवल्याच नाहीत त्याच्या नावावर त्या लागतात.

तरीही मला खरी बोच लागली ती वेगळ्या कारणाने. अर्लच का? इतकी माणसं असताना खातं सरदाराच्याच नावावर करायची घाई का? सिनेमाचा, आणि सिनेमाच्या आधी पुस्तकांचा, मुख्य मुद्दा असा: शेक्सपियर हा हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा. बाप कागदावर सहीऐवजी खूण करायचा. शिक्षण गावच्या शाळेत. विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. असल्या माणसाला दरबार, कायदा, इटली, राजांच्या मनातली वादळं हे सगळं कळणार कसं?

वरवर पाहता मुद्दा बिनतोड वाटतो. पण मग त्याच्या शेजारी बसलेल्यांचं काय? मार्लो हा कँटरबरीच्या चांभाराचा मुलगा. बेन जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी. जॉन्सनने स्वतः काही काळ विटा रचल्या. यांच्या नाटकांसाठी कोणी सरदार शोधायला निघालं नाही. माणूस बऱ्यापैकी मोठा होईपर्यंत लोक त्याला माफ करतात. फार मोठा झाला, की विचारतात, "हे तुझंच आहे कशावरून?"

हा प्रश्न लंडनच्या सरदारांचीच मक्तेदारी आहे असं नाही. मी बँकेत आहे हे कळल्यावर एका साहित्यिक गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "बँकेत असूनसुद्धा छान लिहिता." तो 'असूनसुद्धा' मी अजून पचवतो आहे. पी. जी. वुडहाउस १९०० ते १९०२ लंडनमध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेत कारकुनी करत होता. टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ लॉइड्स बँकेत होता. त्यांच्या कविता आणि कथा त्यांच्या मॅनेजरने लिहिल्या, असं अजून कोणी म्हटलेलं नाही. मॅनेजर लोकांना माझ्याइतकं जवळून पाहिलं असतं तर कोणी म्हणणारही नाही. माझ्याबाबतीत मात्र शेजारच्या वहिनी हसून सौ.ला विचारतात, "खरं सांगा, तुम्हीच लिहून देता ना?" सौ. त्यावर नुसती गालातल्या गालात हसते. नाही म्हणत नाही. माझी अर्लीण घरातच आहे.

ही झाली थट्टा. पण आमच्या शाखेतल्या शिपायाच्या मुलीचं झालं ती थट्टा नव्हती. कुठल्याशा निबंध स्पर्धेत ती पहिली आली. बक्षीस द्यायच्या आधी परीक्षकांनी तिला बोलावून घेतलं आणि खोलीत एकटं बसवून नव्या विषयावर निबंध लिहायला लावला. "तसं काही नाही, केवळ खात्रीसाठी." पोरीने लिहिला. तोही चांगला उतरला. बक्षीस मिळालं, फोटो निघाला, बापाने सगळ्या शाखेला पेढे वाटले. पेढा खाताना मी तिला म्हटलं, "बघ, दुसऱ्यांदाही जिंकलीस." ती म्हणाली, "काका, दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरवाल्यांना नाही बसवलं परत."

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. दुपारीही नाही. त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरचे बाप काय करत होते, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

म्हणून मला 'अ‍ॅनॉनिमस'मधली गोठलेली थेम्स चालते, पण ती भाड्याच्या नावाची नोंद चालत नाही. कारण तिच्या पोटात एक वाक्य आहे: थोर काम थोर घरातच होतं. हे वाक्य पडद्यावर कोणी बोलत नाही. बोलला असता तर प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. ते चिखल आणि मशालींच्या मागून गुपचूप आत येतं.

आता विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा हिशेब एकतर्फी होईल. कोणी म्हणेल, तुमच्या शेक्सपियरने तरी काय केलं? त्याने 'मॅकबेथ'मध्ये ज्याला खुनी राक्षस केला, त्या खऱ्या मॅकबेथने स्कॉटलंडवर १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं राज्य केलं. 'ज्युलियस सीझर'मध्ये प्राचीन रोमात घड्याळाचे टोले पडतात. आणि 'रिचर्ड तिसरा'? त्या राजाला त्याने कुबड दिलं, वाळलेला हात दिला आणि चार शतकं पुरेल एवढी बदनामी दिली. २०१२ साली लेस्टर शहरात एका कार पार्किंगखाली त्या राजाचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा वाकडा होता खरा, पण वाळलेल्या हाताचा पत्ता नव्हता. म्हणजे ज्याच्या वतीने मी फिर्याद लावतो आहे, तो फिर्यादी स्वतःच जुना गुन्हेगार!

हा मुद्दा मी टाळत नाही. शेक्सपियरच्या खात्यात ही रक्कम नावे पडलीच पाहिजे. पण यातून सिनेमाची सुटका होत नाही; उलट तो जास्तच अडकतो. "सिनेमाच तर आहे, कोण खरं मानतंय" असं म्हणणाऱ्यांना रिचर्ड हेच उत्तर आहे. इतिहासकारांनी कितीही कागद दाखवले तरी लोकांच्या डोळ्यांपुढे राजा उभा राहतो तो नाटकातला. गोष्ट चांगली सांगितली तर ती खऱ्याला पुरून उरते. ज्याच्या हातात एवढी ताकद आहे त्याने एवढं तरी बघावं, की ती कुणाच्या पोटावर येते आहे.

आपल्याकडे याच विषयावरचा सिनेमा केव्हाच होऊन गेला आहे, आणि तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. फक्त तो या विषयावरचा आहे हे आपल्या लक्षात येत नाही. १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, विष्णुपंत पागनीस तुकाराम. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत ज्याची निवड झाली तो. त्यातला सालोमालो आठवा. तुकोबांचे अभंग तो स्वतःचे म्हणून गातो आणि वर बोंब मारतो, की तुक्याने माझे चोरले! दुसऱ्याच्या अभंगांवर नाव लावणारा हा सालोमालो परंपरेतच आहे. गाथेतही त्याचं नाव येतं. म्हणजे वाण्याच्या पोराने हे लिहिलं कसं, हा संशय देहूतही होताच. पण सिनेमा पहिल्या रिळापासून लुटल्या गेलेल्या माणसाच्या बाजूला उभा आहे. 'अ‍ॅनॉनिमस'ची गोष्ट उलटी. तिथे सिनेमाच सालोमालो झाला आहे.

प्रभातच्या सिनेमातही इतिहासाच्या नजरेने चुका काढता येतील. एक तर फारच गोड आहे. त्यातलं ते बी, अंकुर आणि वृक्ष यांच्या दाखल्याचं गाणं शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलेलं. पण ते इतकं जमून गेलं, की लोक ते तुकोबांचाच अभंग समजून चालले. जाणती माणसंसुद्धा गाथेत शोधू लागली. आता त्या गाण्यात 'तुका म्हणे' कुठेही नाही. म्हणजे सही नसलेला चेक आपण सगळ्यांनी मिळून तुकोबांच्या खात्यात जमा केला. तुकोबा असते तर त्यांनी तो परत पाठवला असता. ज्या माणसाने वडिलांच्या सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात, त्याला दुसऱ्याची ठेव पचली नसती. म्हणून नोंद दुरुस्त करून ठेवली पाहिजे: गाणं आठवल्यांचं. असं म्हटल्याने तुकोबांचं काही कमी होत नाही आणि आठवल्यांना त्यांचं मिळतं. दुरुस्तीची नोंद अशी असते. तिला कुणाचा द्वेष लागत नाही.

शेक्सपियरच्या खात्यातही अशा खऱ्या दुरुस्त्या झालेल्या आहेत, आणि त्या अभ्यासकांनीच केल्या आहेत. 'हेन्री आठवा' त्याने जॉन फ्लेचरबरोबर लिहिलं, 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये जॉर्ज पीलचा हात आहे, असं आता बहुतेक जण मानतात. २०१६ साली ऑक्सफर्डच्या नव्या आवृत्तीने 'हेन्री सहावा'च्या तीन भागांवर मार्लोचंही नाव घातलं. म्हणजे काही खाती जॉइंट निघाली. यावर कोणी रस्त्यावर आलं नाही. कारण जॉइंट खात्याला कागद होते. आणि 'अ‍ॅनॉनिमस' आला तेव्हा? स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपियर ट्रस्टने वॉरिकशरमधल्या रस्त्यांवरच्या आणि एका गुत्त्याच्या पाटीवरचं शेक्सपियरचं नाव तेवढा दिवस झाकून टाकलं. इतका सभ्य निषेध मी युनियनमध्ये असून पाहिलेला नाही.

आता निकालाकडे येतो. आपल्या कायद्यात मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, पण दुखावलं जायला जवळचं कोणीतरी लागतं. शेक्सपियरची नात एलिझाबेथ १६७० साली वारली आणि वंश संपला. थोडक्यात, खातेदार मयत, वारस नाही, नॉमिनेशन नाही. अशा खात्यावर हक्क सांगायला कोणी आलं, तर बँक काय करते? खातेदार खरा होता का, हे ती खातेदाराला विचारत नाही. ती आलेल्याला विचारते: तुझे कागद कुठे आहेत? सिद्ध करायचं ओझं मागणाऱ्यावर. अर्लसाहेबांच्या वतीने गेली शंभर वर्षं फॉर्म भरला जातोय, पण सोबत जोडायच्या कागदांच्या जागी 'शेक्सपियरला येणं शक्य नाही' एवढंच लिहिलेलं असतं. ही शंका झाली. हा पुरावा नव्हे.

उलट या बाजूचे कागद पाहा. मृत्युपत्रात शेक्सपियरने आपल्या नाटक कंपनीतल्या तीन सोबत्यांना, हेमिंग्ज, बर्बेज आणि कॉन्डेल यांना, आठवणीची अंगठी घ्यायला प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले आहेत. १५९९ साली छापलेल्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये एका ठिकाणी पात्राच्या नावाऐवजी ते काम करणाऱ्या नटाचंच नाव, विल केम्प, छापलं गेलं आहे. लिहिताना डोळ्यांपुढे सरदार नव्हता, कंपनीतला विदूषक होता. आणि बेन जॉन्सन! लोक म्हणत, की शेक्सपियर लिहिलेली एकही ओळ खोडत नाही. त्यावर जॉन्सनने लिहून ठेवलंय, की त्याने हजार ओळी खोडल्या असत्या तर बरं झालं असतं. हेवा वाटणाऱ्या सहकाऱ्यासारखा भरवशाचा साक्षीदार जगात नाही. तो आपल्या चुका सांगेल, पण आपलं काम दुसऱ्याने केलं असतं तर ते सगळ्यांत आधी त्यानेच बोंबलून सांगितलं असतं.

राहता राहिले दोन जामीनदार. नॉमिनेशन नसलेल्या मयताच्या प्रकरणात आम्ही दोन जामीनदार मागायचो. शेक्सपियर गेल्यावर सात वर्षांनी, १६२३ साली, त्याच हेमिंग्ज आणि कॉन्डेलने मित्राची ३६ नाटकं गोळा करून एका ग्रंथात छापली. त्यांतली निम्मी तोवर कधी छापलीच गेली नव्हती. या दोघांनी खटाटोप केला नसता तर 'मॅकबेथ'ही गेलं असतं आणि 'टेम्पेस्ट'ही. दोघंही सरदार नव्हते. पोटापुरती नाटकं करणारे नट होते. अर्पणपत्रिकेत त्यांनी सांगून ठेवलं आहे, की हे आम्ही नफ्यासाठी किंवा नावासाठी करत नसून एका मित्राची आठवण राहावी म्हणून करतो आहोत. आणि मग खाली दोघांनी आपापलं नाव घातलं आहे.

एवढ्यावर मी क्लेम मंजूर केला असता.